डांबराच्या खड्ड्यांचा अध्याय

गोरव्यातल्या दुसऱ्या मजल्यावर
दहा पुरुष जमत नाहीत म्हणून
हानोखकाका शनिवारी एकटाच वाचतो, मोठ्याने.
मी समोर बसतो, मोजायला एक.

"चार राजे विरुद्ध पाच राजे," काका म्हणतो
आणि स्टीलच्या ताटात मांडून दाखवतो:
चार वाल, पाच चवळीचे दाणे.
वाल लांबून आलेले, एलामहून, शिनारहून;
चवळी तिथलीच, खाऱ्या समुद्राकाठची.
बारा वर्षं चवळीने खंडणी भरली,
तेराव्या वर्षी भरली नाही.
चौदाव्या वर्षी वाल निघाले.

राजांची नावं माझ्या जिभेवर टिकत नाहीत.
काकाच्याही नाही; दोघांना तो
हुशारीने खोकल्यात काढतो.

म्हटलं, यात आपलं काय?
ना प्रार्थना, ना आज्ञा,
नुसत्या दोन आघाड्या, गावं तुडवत चाललेल्या.

"थांब. दरीत खड्डे आहेत."

खड्डे म्हटलं की त्याचा आवाज बदलतो.
कोयलीच्या रिफायनरीत अठ्ठावीस वर्षं, डांबराच्या विभागात.
त्याचा आजा अलिबागकडे घाण्यावर तेल काढायचा,
शनिवारी बैल सोडायचा;
नातवाच्या वाट्याला तेलाचा तळ आला.

डांबर, तो सांगतो, पाण्यासारखं बुडवत नाही.
आधी चप्पल मागतं.
मग घोटा.
वरून सुकलेलं, चालण्याजोगं;
पळणाऱ्या राजाला तो रस्ताच वाटला असेल.

मग मी माझा मुद्दा काढतो:
दहाव्या वचनात सदोमचा राजा खड्ड्यात पडतो,
सतराव्यात बोलणी करायला हजर.
हा कसा?

काका मनगटावरचा काळपट डाग बघतो.
"महिपत कसा आला होता?"

आता गप्प बसायची पाळी माझी.

एकोणीस वर्षांचा होतो. काकाचं घर अरुंद वाटलं,
हिरवं दिसलं ते महिपत ठेकेदाराचं आवार,
छाणीच्या बाजूला. रोख पगार, वर मोटरसायकल.
ठेकेदारांच्या दोन टोळ्या होत्या,
टँकर कुणी भरायचे यावरून पेटलेल्या.
एका रात्री पलीकडची टोळी आली,
महिपत सगळ्यांत आधी पळाला,
आणि आम्ही चौघं, हिशेबाच्या वह्यांसकट,
टेम्पोत कोंबले गेलो.
मी तर नुसता वह्या लिहिणारा.

पाचवा निसटला. तो धावत गोरव्याला पोचला.

अध्यायात तीनशे अठरा माणसं आहेत.
काकाकडे रात्रपाळीची सहा,
एक उसनी जीप, एक शिट्टी.
कुठवर गेले, कुणाला काय म्हणाले,
आजवर सांगितलेलं नाही.
पहाटे आम्ही जीपमध्ये होतो. मी अनवाणी.

आठवड्याने महिपत आला, पांढऱ्या सफारीत,
जणू कधी कशात पडलाच नव्हता.
माझी पोरं मला परत द्या, म्हणाला,
वह्यांबरोबर सापडलेली रोकड तुमची.
काका म्हणाला, सुतळीचा तुकडा नको,
चपलेचा अंगठा नको.
उद्या गावभर सांगशील, हानोखला मी उभा केला.
सहा जणांनी वाटेत चहा-फाफडा खाल्ला,
तेवढे दे.
महिपतने दिले. सदतीस रुपये.

मला तेव्हा हा अध्याय ठाऊक नव्हता.
काकाला होता, की पुढे कधी वाचताना
तोही दचकला, हे विचारलेलं नाही.

मोझेलकाकू पाव आणते, आणि मनुकांचं पाणी,
कारण गुजरातेत दारूबंदी, आणि तशाही
कोकणातून येताना आपण मनुकाच आणल्या.
लढाईत नसलेला कुणी एक राजा
भाकर आणि द्राक्षारस घेऊन दमलेल्यांना सामोरा येतो.
काकू कधी वाचत नाही,
पण तिचा पेला बरोबर त्याच ओळीला टेकतो.

काका ताटातले दाणे डब्यात ओततो,
वाल-चवळी वेगळे न करता.
एक दाणा टेबलाखाली घरंगळतो.
मी म्हणतो, जाऊ दे.
तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघा धरून खाली बसतो.
"राजांची नावं तरी लिहिलीत," म्हणतो,
"खड्ड्यात गेलेल्या शिपायांची कुणी..."
आणि हाताने फरशी चाचपत राहतो.